पहिलं पाणी

तिने वेदीवरचं फडकं पाण्यात बुडवलं आणि आतून काठी वाजली. पलंगाच्या लोखंडी दांडीवर काठी आपटली की सगळ्या घरात ऐकू जाई, परसात जरा जास्तच. ती हलली नाही. फडक्यातून फिकट गुलाबी रेघ सुटली होती. ती पाण्यात पसरून नाहीशी होईपर्यंत हात बाहेर काढायचा नाही, असं आईने शिकवलं होतं.

काठी पुन्हा वाजली.

"आले रे बाबा," ती म्हणाली, पण इतकं हळू की ते आत ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

चर्चचं हे दर सोमवारचं धुणं त्यांच्या घरी आईपासून होतं. मिस्सात, म्हणजे चर्चच्या उपासनेत, फादर ज्या फडक्यांनी द्राक्षारसाचा पेला पुसतात ती फडकी आणि पेल्याखाली अंथरायचा चौकोनी रुमाल. साबण नंतर. आधी पांढऱ्या एनॅमलच्या भांड्यात नुसतं पाणी घ्यायचं, आणि हे पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही. मिस्सात द्राक्षारस प्रभूचं रक्त होतो, भाकर शरीर; त्याचा एखादा थेंब, एखादा कण त्यात राहिलेला असू शकतो, तो गटारात कसा जाऊ द्यायचा? ते मातीला द्यायचं, जिथे कुणाचा पाय पडत नाही अशा जागी. त्यांच्या परसात ती जागा म्हणजे कोपऱ्यातलं लिंबाचं झाड. ओतताना आई म्हणायची, "तुझं तुला, प्रभू." ही काही पुस्तकातली प्रार्थना नव्हती, आईचीच होती. आई गेल्यावर फडकी हिच्याकडे आली आणि ते शब्दही आले.

भांडं घेऊन ती झाडाशी वाकली. पाणी ओतलं, "तुझं तुला" म्हणाली, तेवढ्यात तिसऱ्यांदा काठी वाजली. "प्रभू" हा शब्द तिने अक्षरशः दातांखाली चावला.

ती आत गेली. तिच्या थोरल्या भावाला, दादाला, पाणी नको होतं, कूस बदलायची नव्हती, काहीसुद्धा नको होतं. उशाला टेकून तो खिडकीतून परसाकडे पाहत होता.

"काय झालं?"

"काही नाही. आहेस की पळून गेलीस, ते बघितलं."

"पळून कुठे जाणार?"

"ते तुलाच ठाऊक, मदर."

लहानपणी तिने एकदा मठात जायचं म्हणून हट्ट धरला होता. तेव्हापासून ती त्याची मदर होती. दादाने उभी हयात बस चालवण्यात घालवली. तरुणपणी त्याची बायको गेली आणि त्याचं नि देवाचं बोलणं बंद झालं ते झालंच. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली. तेव्हापासून त्याचे शब्द तोंडाच्या एका कडेने बाहेर पडत. बाहेरच्या माणसाला ते कळत नसत, हिला सगळे कळत, अगदी नको असलेलेसुद्धा.

"तुझ्या त्या झाडाला एवढं देवाचं पाणी पाजतेस," तो म्हणाला, "तरी लिंबू आंबट ते आंबटच."

एरवी ती हसली असती. आज तिने त्याची उशी सरळ केली, जरा हिसका देऊनच, आणि बाहेर गेली.

पुढच्या खोलीत तिचं शिवणयंत्र होतं. लोकांच्या विजारी आखूड करायच्या, उसवलेलं शिवायचं, त्यावर दोघांचं भागत होतं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार वेगळीच होती आणि ती कुणाला सांगण्याजोगी नव्हती. पूर्वी ती रोज सकाळी मिस्साच्या आधी चर्चमध्ये जाऊन तिसऱ्या बाकावर बसायची. तिथे काही चमत्कार घडत नसे. आवाज नाही, उजेड नाही. फक्त थोड्या वेळाने वाटायचं की मागे कुणीतरी येऊन बसलंय. आपल्या माणसाशी बोलावं लागत नाही, तसं ते बसणं असायचं. त्या भरवशावर तिचा दिवस निघून जायचा. दादा पडल्यापासून ते बंद झालं. रविवारी शेजारीण तासभर घरात बसे तेव्हा ही मिस्साला धावे, पण गुडघे टेकले की डोक्यात मलम, मूत, चादरी आणि कानात काठी. दादाचा राग यायचा, मग स्वतःची किळस वाटायची, आणि तोवर मिस्सा संपलेली असायची.

तो आहे तोवर देव आपल्या वाटेला येणार नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. ते कुठेतरी चूक आहे हे कळत होतं. तरी धरलं होतं.

दुपारी इस्त्री केलेली फडकी घेऊन ती वेदीमागच्या खोलीत गेली. फादरांनी ती नेहमीसारखी दोन्ही हातांनी घेतली, कपाटात ठेवली आणि वळले.

"संस्थेतून फोन आला होता. गुरुवारी सकाळी गाडी पाठवतायत. एक खाट रिकामी झालीय."

संस्था डोंगरापलीकडे होती. बरे न होणारे लोक तिथे ठेवत; दादाचं नाव तिनेच घातलं होतं. खाट कशी रिकामी झाली, ते तिने विचारलं नाही.

"तुम्ही खूप केलंत," फादर म्हणाले. "आता थोडं स्वतःकडे बघा."

"स्वतःकडे नाही, फादर. मला पुन्हा इथे येऊन बसायचंय."

फादर तरुण होते, भले होते. त्यांनी मान हलवली. "त्यात काहीच वावगं नाही," ते म्हणाले, आणि हे त्यांनी म्हटलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

जाताना ती तिसऱ्या बाकावर टेकली. चर्च रिकामं होतं. कुणीतरी फरशी पुसून गेलं होतं आणि ओल्या फरशीचा वास येत होता. तिने वाट पाहिली. मागचा बाक मागचा बाकच राहिला. "गुरुवारनंतर येते," ती वेदीकडे पाहून म्हणाली, आणि उठली.

दादाला तिने संध्याकाळी सांगितलं. पेज भरवता भरवताच सांगितलं, म्हणजे चमच्याकडे पाहता आलं.

तो बराच वेळ घास तोंडात धरून राहिला. मग गिळला.

"जेवण बरं असतं का तिथे?"

"असेल."

"तुझ्यापेक्षा बरंच असणार."

तिने त्याचं तोंड पुसलं. पांघरुणाखाली त्याचा चांगला हात चादर चुरगळत होता, सोडत होता, पुन्हा चुरगळत होता.

"महिन्यातून एकदा भेटायला येता येतं," ती म्हणाली.

"हं."

"येईन मी."

"मदर, मला जरा भिंतीकडे वळव."

रुसलेल्या माणसाला निदान पाठ फिरवता येते. त्याला तेवढ्यासाठीही तिचेच हात लागत होते. तिने एक हात त्याच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि त्याला आपल्यापासून दूर वळवून ठेवलं.

त्यानंतर काठी वाजली नाही. मंगळवारी वाजली नाही. तिने त्याची पिशवी भरली, दोन सदरे, टॉवेल, दाढीचं सामान, ठेवणीतली चादर, आणि पिशवी दाराशी ठेवली. घरात इतकी शांतता होती की शिवणयंत्र चालवताना तिला कुणीतरी दटावेल असं वाटत होतं. हीच शांतता तिला हवी होती. रात्री तिने जपमाळ हातात घेतली आणि दुसऱ्या मण्यावरच कानोसा घेत बसली.

बुधवारी आभाळ भरून आलं होतं. सकाळी ती त्याच्या खोलीत गेली तेव्हा आधी वास आला. पांघरूण बाजूला केलं. कमरेवरची, पडून पडून झालेली जखम फुटली होती. पट्ट्या भिजून, चादर भिजून, डाग गादीपर्यंत उतरला होता. कडा सुकल्या होत्या, म्हणजे हे आत्ताचं नव्हतं. काठी त्याच्या हाताशीच होती.

"काठी का नाही वाजवलीस?"

तो छताकडे बघत होता.

"दादा, वाजवली का नाहीस?"

"सवय करतोय," तो म्हणाला.

तिने गरम पाणी आणलं, त्याला कुशीवर घेतलं, जखम धुतली. तो कण्हला नाही, फक्त चांगल्या हाताने तिच्या पदराचं टोक धरून ठेवलं. तिने औषध लावलं, नव्या पट्ट्या बांधल्या, गादीवरचा डाग पुसून घेतला आणि दाराशी ठेवलेली पिशवी उघडून ठेवणीतली चादर काढली. ती चादर त्याच्याखाली सरकवताना तिचे डोळे भरून आले. ती रडली, सरळ रडली, नाक ओढत. तो बघत राहिला, पदराचं टोक अजून मुठीत धरून.

मग त्याला खिडकीशी उशीला टेकवून, खराब पट्ट्या आणि चादर घेऊन ती परसात गेली. चादर बादलीत टाकली. पट्ट्या जुन्या धुवट कापडाच्या, मऊ, पांढऱ्या. नळाशी जे भांडं हाताला लागलं त्यात पाणी घेतलं आणि एक पट्टी बुडवली. पाण्यात गुलाबी रेघ सुटली. ती पसरून नाहीशी होईपर्यंत हात आत धरला. दुसरी, तिसरी. डोक्यात विचार नव्हता, डोळे अजून चुरचुरत होते. हातांना कामाची वाट ठाऊक होती. त्यांनी पट्ट्या पिळून बाजूला ठेवल्या, भांडं उचललं, ती झाडाशी गेली, वाकली, ओतलं.

"तुझं तुला, प्रभू."

म्हटल्यावर तिला भांडं दिसलं. पांढरं, एनॅमलचं, निळ्या काठाचं. त्याच्या तळाशी एक दोरा चिकटला होता, पट्टीचा.

आईच्या वेळेपासून या भांड्यात दुसरं काही धुतलं नव्हतं, या मुळाशी दुसरं काही ओतलं नव्हतं. ती खाली बसली आणि बोटांनी माती उकरू लागली, जणू ते परत काढता येणार होतं. पण पाणी मुरून गेलं होतं. माती सगळीकडे सारखीच ओली होती. सोमवारचं कुठलं आणि आजचं कुठलं, काही कळत नव्हतं.

तिचे हात थांबले. ती तशीच बसून राहिली, नखांत माती, गुडघ्यांखाली ओल. वारा पडला होता. आणि मग, कितीतरी दिवसांनी, तिला वाटलं की मागे कुणीतरी येऊन बसलंय.

ती लगेच वळली नाही. पूर्वीही वळायची नाही. मग वळली.

खिडकीत दादा होता.

"मदर," तो म्हणाला, "ते देवाचं भांडं ना?"

"हो."

"त्यात माझी घाण धुतलीस?"

ती उठली. हात पदराला पुसले. भांड्याच्या तळाचा दोरा काढला, टाकणार होती, तो मुठीतच राहिला.

"उद्या गाडी कधी येणार?" त्याने विचारलं. आवाज साधाच ठेवायचा त्याचा प्रयत्न होता.

तिने बादलीतली चादर उचलून पाहिली. जड झाली होती. वर आभाळ तसंच काळवंडलेलं होतं, ऊन पडायचं लक्षण नव्हतं.

"चादर वाळायची आहे अजून," ती म्हणाली.

"चादरीसाठी गाडी थांबणार आहे होय?"

"गाडी नको म्हणून फादरांना सांगून येते."

त्याने तिच्या हातातल्या चादरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आज ना उद्या वाळेलच की ती. मग?"

"मग तू परत भिजवशील."

खिडकीतला चेहरा मागे उशीवर गेला. ती नळाशी बसली. भांड्यात दुसरं पाणी घेतलं, पट्ट्या पुन्हा बुडवल्या, आता साबण लावला. चोळता चोळता तिने कान आतल्या बाजूला ठेवला होता. बराच वेळ काही नाही. नळ ठिबकत होता.

मग दांडीवर काठी वाजली. एकदाच, तीही हलकी, जणू विचारून.

"आले," ती म्हणाली, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.