वरून दुसरी पायरी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. आमच्या लहानशा शहरातल्या एका गल्लीत, सुतारकाकांच्या दुकानाबाहेर भिंतीला टेकून मी उभी असते. हल्लीच्या ॲल्युमिनियमच्या शिड्यांसारखी मी चकाकत नाही, पण ओळखी माझ्याच जास्त आहेत.

सुतारकाकांनी मला त्यांच्या तरुणपणी घडवलं. रंधा मारून मारून माझे दोन्ही उभे दांडे त्यांनी असे गुळगुळीत केले की हाताला कुसळ म्हणून लागू नये. ‘शिडी असावी तर अशी!’ असं लोक म्हणायचे आणि लगेच मागून न्यायचे. लहान शहराची ही रीतच आहे. शिडी एकाकडे, पाना-पक्कड दुसऱ्याकडे, मोठं पातेलं तिसऱ्याकडे, आणि वापरायचं सगळ्यांनी. कुणाच्या माळ्यावर काय दडवलंय हे मला ठाऊक आहे, पण चहाड्या करण्याचा माझा स्वभाव नाही.

अशा शहरात राहणं सुखाचं असतं, फक्त भांडण टिकवणं फार कष्टाचं असतं. ज्याचं तोंड बघायचं नाही, तोच दूध आणताना आडवा येतो आणि दाढीला गेलं तर शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो. हे कष्ट सुतारकाका आणि समोरचे शिंपीबुवा कित्येक वर्षं न कंटाळता घेत होते. शिंपीबुवा म्हणजे काकांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. काकांनी त्यांना कापड बेतायला टेबल करून दिलं, ते डुगडुगलं.

“टेबल वाकडं आहे,” शिंपीबुवा चारचौघांत म्हणाले.

“टेबल सरळ आहे. तुमची जमीन वाकडी आहे,” काका म्हणाले.

झालं, तेवढ्यावरून अबोला. खरं सांगू? दोन्ही थोडी थोडी वाकडी होती. ताई बिचारी दोन्ही घरांत ये-जा करायची आणि मनातल्या मनात कुढायची. शिंपीबुवांना कधी मी हवी असले, तर शेजारच्या नर्सबाई स्वतःच्या नावाने मला मागून न्यायच्या. काकांना ते कळायचं, पण ते कळल्याचं दाखवत नसत.

एकदा मी नर्सबाईंच्या गळक्या टाकीखाली विसरून राहिले. बरेच दिवस अंगावर पाणी ठिबकलं आणि माझी वरून दुसरी पायरी आतून कुजली. सगळ्यांच्या उपयोगी पडणारी मी, पण उचलून कोरड्यात ठेवायला कुणाला सवड झाली नाही, याचं मला फार वाईट वाटलं. काकांनी पायरी ठोकून पाहिली आणि “उद्या बदलतो” म्हणाले. तो उद्या काही उजाडेना. सुताराचीच शिडी, पण दिव्याखाली अंधार! मला न्यायला येणाऱ्याला ते नुसतं बजावायचे, “वरून दुसरी सोडून चढा बरं का.” हळूहळू गल्लीतल्या सगळ्या पायांना ती पायरी सोडायची सवय लागली.

माहीत नव्हतं ते एकट्या शिंपीबुवांना. काका त्यांच्याशी बोलत नव्हते. नर्सबाईंना वाटलं, ताईने सांगितलं असेलच. ताईला वाटलं, शिडी आणणाऱ्या नर्सबाई सांगतील.

एक दिवस वाऱ्याने शिंपीबुवांच्या दुकानाची पाटी एका खिळ्यावर लोंबकळू लागली. नर्सबाई मला तिथे लावून ड्यूटीवर निघून गेल्या. शिंपीबुवा हातोडी घेऊन चढू लागले. चांगले वजनदार गृहस्थ, आणि खाली फरसबंदी. मला ओरडता येत नाही, याचं त्या दिवसाइतकं दुःख मला कधीच झालं नव्हतं.

समोर काका रंधा मारत होते. शिंपीबुवा दिसताच त्यांनी सवयीने तोंड फिरवलं. मग एकदम वळले आणि रंधा टाकून धावतच सुटले.

“भाऊजी! थांबा! वरून दुसरीवर पाय देऊ नका!”

शिंपीबुवांचा पाय हवेतच राहिला. ताई धावत दारात आली, तिने तोंडावर हात धरला होता.

“बोललात एकदाचे,” शिंपीबुवा वरूनच म्हणाले.

“पायरी कुजलीय ती.”

“कळलं. आता शिडी धरा, मला उतरू द्या.”

काकांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. शिंपीबुवा खाली उतरले, तरी काकांना मला सोडायचं सुचेना.

त्याच दुपारी नवी पायरी बसली. काका ठोकत होते आणि शिंपीबुवा मला धरून बसले होते.

“उद्या येतो तुमच्याकडे,” काका म्हणाले. “जमीन बघतो.”

“टेबल बघा!”

“दोन्ही बघतो.” आणि हा उद्या मात्र खरंच उजाडला.

मित्रांनो, वस्तू काय किंवा नातं काय, कुजलेली पायरी चुकवत चढण्यापेक्षा ती वेळेवर बदला. आणि ती बदलेपर्यंत ज्याला माहीत नसेल त्याला हाक मारा, मग अबोला असला तरी. माझी नवी पायरी बाकीच्यांपेक्षा फिकट आहे. सवयीने गल्लीतले लोक अजून ती सोडूनच चढतात. एकटे शिंपीबुवा तेवढे तिच्यावर आवर्जून पाय देतात, आणि समोर काकांकडे बघून हसतात.