बॉनेटखालचा निळा ठिपका

आत्या दातांची डॉक्टर आहे आणि दवाखान्यात ती रोज दोन सीटच्या, बुटक्या स्पोर्ट्स कारने जाते. म्हणजे जायची. गेल्या महिन्यात चढावर इंजिनातला एक दांडा तुटला आणि इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. तेव्हापासून ती गाडी आमच्या गॅरेजमध्ये आणि बाबांची गाडी रस्त्यावर.

"नाकापेक्षा मोती जड, ठमे," बाबा म्हणाले. त्यांची ही धाकटी बहीण पन्नाशीला आली तरी ठमीच आहे. "नवीन इंजिनाच्या पैशात अशी दुसरी गाडी येईल."

"नवीन कोण घेतंय, दादा?"

भंगारवाल्याच्या आवारात मागून ठोकर बसलेली एक व्हॅन पडली होती, फुलं पोचवणारी. तिचं इंजिन ठणठणीत होतं आणि परवडणारं. आत्याने ते उचलून आणलं. बाबांनी मुदत घातली: रविवारी संध्याकाळी गाडी आपल्या चाकांवर बाहेर पडेल, नाहीतर भंगारवाल्याच्या ट्रकवर चढेल.

मी नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेतली होती, त्यामुळे मापं माझ्याकडे आली. गिअरबॉक्सला जोडायची जाड चकती लेथवाल्याने करून दिली. वायरी, पाण्याचे पाइप, सगळं जागेवर बसलं. रविवारी सकाळी इंजिन टांगून धरणारी चेनकप्पी सोडवली, बॉनेट खाली घेतलं आणि ते बोटभर वरच राहिलं. व्हॅनचं इंजिन उंच. खाली घ्यावं तर त्याचं तेलाचं चेंबर स्टीअरिंगच्या दांडीवर टेकणार.

"कापा की बॉनेट," बाबा दारातून म्हणाले. "भोक पाडलं की मिटलं."

"तुझी अक्कलदाढ आडवी आली होती, तेव्हा मी तुझा गाल फाडला होता का?"

बाबांनी नकळत गालाला हात लावला.

आत्याने दवाखान्याची बॅग उघडली. दाढ भरल्यावर चावायला देतात तो निळा कागद तिने इंजिनावर जागोजागी चिकटवला. चेंबरखाली दातांचं माप घ्यायचा मऊ गोळा दाबून बसवला. मग बॉनेट हलकेच टेकवून उचललं. आतल्या चंदेरी रंगावर एकच निळा डाग होता, उजव्या कोपऱ्यात. खालचा गोळा डावीकडे चपटा झाला होता, उजवीकडे जाड.

मी त्या दोन मापांकडे बघतच राहिले. चार दिवस मी पट्टी घेऊन त्या इंजिनाभोवती फिरत होते, आणि वर-खाली यापलीकडे माझं डोकं गेलं नव्हतं.

"वर उजवीकडे लागतंय आणि खाली उजवीकडेच जागा आहे," मी म्हणाले. "म्हणजे उजवीकडे झुकवायचं."

"किती, ते तू सांग. वाकडी दाढ चालते, उंच चालत नाही."

मी कोन काढला. तिने इंजिन ज्यावर टेकतं त्यातल्या डाव्या रबरी पायाखाली पत्रा सरकवला आणि उजव्या पायाची बैठक कानशीने घासून उतरवली. दुपारी बॉनेट बसलं. खटका ऐकू आला तशी मी टाळी वाजवली.

"थांब. नुसतं तोंड मिटून काय होतंय? चावून बघायला हवं."

तिने जुना डाग पुसून नवा कागद लावला, गाडी चालू केली, हँडब्रेक ओढला आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा सोडून रेस दिली. गाडी जागच्या जागी कुंथली. बॉनेट उघडलं तर उजव्या कोपऱ्यात निळा ठिपका. मी इंजिन स्थिर धरून हिशेब केला होता, पण जोर लागला की ते उजवीकडून उसळत होतं.

तेवढ्यात फाटकात ट्रक येऊन उभा राहिला.

"काय डॉक्टरबाई, उपटायची का?" भंगारवाला हसत उतरला.

"हलणारा दात मी लगेच उपटत नाही. शेजारच्याला बांधून ठेवते," असं म्हणत आत्या त्याच्याच ट्रकवर चढली. भंगाराच्या ढिगात खडखडाट झाला आणि ती खाली उतरली तेव्हा तिच्या हातात दोन्ही टोकांना रबर असलेली वीतभर लोखंडी दांडी होती. "ही घेतली हो!"

"घ्या. गाडी न्यायला आलो आणि पदरचंच देऊन बसलो!"

दांडीचं एक टोक इंजिनाच्या उजव्या अंगाला, दुसरं गाडीच्या सांगाड्याला. ठिपका पुसून, नवा कागद लावून पुन्हा रेस दिली. मग तिने भंगारवाल्याला ट्रक मागे घ्यायला लावला आणि गाडी फाटकाबाहेर काढली. ती चढाकडे वळली. आवाज व्हॅनचाच होता, थोडा घोगरा, पण चढावर एकदाही अडखळला नाही. आम्ही तिघं तो लांब जाईपर्यंत ऐकत उभे होतो.

ती परतली तेव्हा बाबांनी स्वतः बॉनेट उघडलं. विजेरी धरून उजवा कोपरा पाहिला, बोट फिरवलं, बोट पाहिलं. स्वच्छ.

"बरं," ते म्हणाले. "उद्यापासून माझी गाडी आत."

"दोन्ही मावतील, दादा," आत्या हात पुसत म्हणाली. "तुझी जरा तिरकी लाव."