डाव्या मनगटावर भाजल्याची खूण

"जागा नाही," आमच्याच रंगाच्या त्या माणसाला मी तोडून सांगितलं. "या अंकात एक ओळसुद्धा मावायची नाही."

तो टोपी पिळत उभा. "बाई, पेनिमनसाहेबांनी काल स्वतः लिहून घेतलंय हो. बहिणीला शोधतोय मी."

कागद मी दोनदा वाचला होता. 'टेम्पी. वय अठ्ठावीसच्या आसपास, रंग गडद, स्वभाव हट्टी, डाव्या मनगटावर भाजल्याची खूण. ठावठिकाणा कळवावा.'

टेम्पी म्हणजे मी. केंटकीतून पळाले तेव्हापासून लोइस. ओहायोच्या या बंदरात, गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्या साप्ताहिकात सहा वर्षं छपाईचे खिळे जुळवतेय. बहिणीची चौकशी अशी करतात होय? ही तर पळालेल्या गुलामासाठी मालकानं दिलेली जाहिरात! धरून नेणारे आमच्यातलाच एखादा फितवून पाठवतात, हे काही नवीन नव्हतं. माझ्या भावाला, आयशमला, मी नऊ वर्षांची असताना विकलं. चेहरा कुठला आठवायला! आणि खोदून विचारायचं, तर मीच टेम्पी हे कबूल करावं लागणार.

"नाव काय तुझं?"

"आता सॅम्युएल म्हणतात."

"आणि आधी?"

तो दाराकडे बघायला लागला. "ते कशाला, बाई?"

झालं! माझा संशय पक्का झाला.

"कॅनडाची बोट दुपारी सुटते," मी म्हटलं. "तिकडेच शोध जा."

"उपकार झाले," म्हणाला आणि गेला.

चारच्या सुमाराला संपादक पेनिमन आले. "त्याची जाहिरात जुळवलीस ना? खरं नाव आयशम, मला कानात सांगितलं. मी म्हटलं, अरे, ही मालकांची भाषा झाली. तर म्हणतो, साहेब, दुकानाच्या दारात वाचून दाखवायचे तेवढ्याच जाहिराती ऐकल्यात मी. आणि ती खूण! उकळती लापशी याच्या अंगावर सांडणार, तर पोरीनं हात मध्ये घातला."

हे मालकाला ठाऊक नव्हतं. मार चुकवायला आम्ही दोघांनी, मी चुलीवर पडले, असं सांगितलं होतं.

मी धक्क्यावर धावत गेले. बोट केव्हाच गेली होती. तिथंच बसून मी रडले.

परत येऊन उभ्याउभ्याच खिळे जुळवले. 'आयशम, तुझी बहीण टेम्पी याच छापखान्यात आहे.'

पेनिमन हादरले. "अगं, तुझा मालकही वाचेल हे!"

"वाचू दे की. आयशमला वाचता येत नाही. कुणीतरी त्याला वाचून दाखवेपर्यंत दर अंकात छापायची."

आज अकरावा अंक. दार वाजलं की भाऊ आलाय की धरायला आलेत, कळत नाही. तरी, "या, उघडंच आहे," असं मीच ओरडते.