कोंबडीचा ताप

माझ्या दादानं जन्मभर इस्पितळाच्या बॉयलरवर नोकरी केली. त्यामुळे काटा बघितल्याशिवाय जगातली कुठलीच गोष्ट खरी मानायची नाही, ही त्याची खोड. वहिनी गेली आणि हा निवृत्त माणूस स्वयंपाकघरात शिरला, तेव्हाच मला धास्ती वाटली होती. मी त्याच्या खालच्याच मजल्यावर राहते. वर काही जळलं की आधी मला कळतं.

घात मात्र न जळलेल्या कोंबडीनं केला. त्याची लेक, आमची बबडी, माहेरी आली होती. दादानं ओव्हनमधून भाजलेली कोंबडी काढली. वरून कशी तांबूस, खमंग! "बाबा, आत जरा गुलाबी दिसतंय," ती म्हणाली. "झालंय गं, खा मुकाट्यानं," हा म्हणाला. दुसऱ्या दिवशी पोरीला सलाइन लावायची वेळ आली, तीही याच्याच इस्पितळात. तेव्हापासून बबडी येते, गप्पा मारते आणि ताटं मांडायच्या आत सांगून टाकते, "मी जेवून आलेय हं." दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, ही तर ताकाच्या वाटेलाच जाईना. दादा "बरं बरं" म्हणायचा आणि ती गेली की एकटाच जेवायला बसायचा. मला ते बघवत नसे.

मग त्यानं थर्मामीटरचं मनावर घेतलं. सुरुवात कशानं केली असेल? घरातल्या तापाच्या थर्मामीटरनं! तो बेचाळीसच्या पुढे जाईना.

"कोंबडीला सणसणून ताप आहे, एवढं तर कळलं," मी म्हणाले. "आता औषध देतोस की कपाळावर पट्ट्या ठेवू?"

दादा फणकारून बाजारात गेला आणि दोन थर्मामीटर घेऊन आला. एक गोल तबकडीचा, भाजताना मांसात खुपसून ठेवायचा. दुसरा बारीक सुईचा, क्षणभर टोचला की आकडा दाखवणारा.

"दोन कशाला रे? कोंबडी तर एकच आहे."

"एकाच काट्यावर विश्वास ठेवणारा बॉयलर उडवतो."

मग दोघांची परीक्षा झाली. आधी बर्फाच्या पाण्यात, मग उकळत्या. तबकडीवाला उकळत्या पाण्यात मागे रेंगाळला, तर दादानं पाना घेऊन त्याच्या मानेखालचा नट पिळला आणि त्याला वळणावर आणलं. एवढं लक्ष त्यानं बबडीच्या शाळेकडे कधी दिलं नव्हतं.

रविवारी बबडी येणार होती. कोंबडी ओव्हनमध्ये गेली, तबकडीवाला तिच्या छातीत रोवला गेला. चौऱ्याहत्तर अंश झाले की कोंबडी खायला निर्धोक, हे दादानं मला इतक्यांदा ऐकवलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी मी सांगितलं असतं. काटा चौऱ्याहत्तरवर आला. मी ताटं घ्यायला वळले. दादानं खात्रीसाठी मांडीजवळ सुई टोचली. आकडा आला बासष्ट.

पुढचं सगळं एका दमात झालं. ओव्हन बंद, गॅसचा मुख्य कॉक बंद, खिडक्या सताड उघड्या आणि मी स्वयंपाकघराबाहेर!

"अरे, कोंबडी आहे ती! फुटणार आहे का?"

"दोन काटे भांडले की आधी आग बंद," तो घाम पुसत म्हणाला. हात सवयीनं चालले होते. डोकं मागून आलं. "हात्तिच्या," तो पुटपुटला, आणि तेवढ्यात बेल वाजली.

बबडी आत आली. गार पडत चाललेला ओव्हन, पाना, दोन थर्मामीटर आणि घामाघूम बाप. तिनं चप्पल काढता काढताच सुरू केलं, "बाबा, मी जेवून..."

"बरं केलंस," दादा म्हणाला. "आज वाढायला काही नाही. एक काटा म्हणतो झाली, दुसरा म्हणतो नाही. आणि मला कळत नाहीये गं, कोण खरं बोलतंय ते. माझी खात्री नसेल ते तुला नाही वाढायचं."

माझा जन्म गेला, पण 'मला कळत नाही' हे शब्द मी दादाच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. बबडीनंही नसावेत. मग सुईवाला उचलून तिनं मांडीत टोचला, छातीत टोचला, परत मांडीत टोचला.

"दोघंही खरं बोलतायत, बाबा. छाती झालीये, मांडी कच्ची आहे. पेटवा परत."

"वेळ लागेल. तू तर जेवून आलीयेस."

"नाही आले," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "कधीच जेवून येत नव्हते. इथून उपाशी जायचे आणि घरी जाऊन खायचे. तुम्हाला 'नको' कसं म्हणू?"

दादा ओव्हन पेटवायला वाकला. नुसता कॉक उघडून बटण फिरवायचं होतं, पण बराच वेळ त्यानं मान वर केली नाही.

कोंबडी बाहेर आली तोवर सगळ्यांच्या पोटात कावळे कोकलत होते. दादा सुई पुसत होता. बबडीनं वाट न बघता मांडीचा लचका तोडला आणि तोंडाकडे नेला.

"झालंय, बाबा. दिसतंय ना!"

दादानं तिच्या हातावर चापट मारली. "खाली ठेव ते. आधी मोजू दे."