दरवाजाच्या अलीकडे

भाचीचा फोन आला तेव्हा मी शर्टांची काजं करत होते. चाळीस वर्षं तेच काम, हात आपोआप चालतो; त्या दिवशी थांबला. मावशी, आई भेटायला तयार आहे, ती म्हणाली. गुरुवारी अकराला, जुन्या दरवाजाच्या अलीकडे.

धाकटी आणि मी सव्वीस वर्षं एकमेकींशी बोललो नव्हतो. तेव्हाही दरवाजाच्या अलीकडेच भेटून दवाखान्यात आईकडे जायचं ठरलं होतं. मी तासभर उभी राहिले, ती आली नाही. एकटी धावत पोचले तर आईचे डोळे मिटलेले. मागोमाग धाकटी आली आणि माझ्यावरच बरसली, की तूच आली नाहीस. चोराच्या उलट्या बोंबा. तिचं तोंड पाहायचं मी तिथेच सोडलं. आता मात्र मनाशी ठरवून निघाले होते: आली तर सगळं विसरायचं, नाही आली तर तिचं नाव कायमचं टाकायचं.

शहराच्या तटाचा तो दरवाजा तस्साच होता. लाकडावर मुठीएवढे खिळे, कमानीखाली लांबलचक अंधारा बोळ. भिंतीला टेकून बाजार बसलेला. कुलुपं, चाळण्या, जुने चष्मे, दोऱ्याची रिळं. ऊन इतकं मऊ पडलं होतं की माणसं चालतायत की तरंगतायत, कळेना. पलीकडचे आवाज बोळातून पाण्याखालून यावेत तसे येत होते. हसणं आधी बाहेर यायचं, हसणारा मागाहून.

बटणवाल्याने ओळख नसताना स्टूल दिलं, माझ्या तळहातावर शिंपल्याची बटणं ठेवली आणि झोपेत असल्यासारखा त्यांच्याविषयी बोलत राहिला. साडेअकरा झाले, मग बारा वाजत आले. भाचीला फोन करावा, तर पडतं घ्यायचं माझ्या स्वभावात नाही. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असं धाकटीविषयी मनात म्हटलं. रडूही येत होतं, खोटं कशाला बोलू.

कुणाची वाट पाहताय, त्याने विचारलं. बहिणीची, मी म्हटलं. अलीकडे भेटायचं ठरलंय.

"राहते कुठे ती?"

"आत, शहरात."

"मग तिचं अलीकडे आतल्या बाजूला ना, बाई. हे झालं तुमचं अलीकडे."

मी तर दरवाजाबाहेरच राहत आले आणि धाकटी आत, तेव्हाही आणि आताही. सव्वीस वर्षं जिला खोटारडी म्हटलं, ती त्या दिवशी भिंतीच्या त्या अंगाला माझ्यासारखीच उभी होती. आणि आई दोघींची वाट बघत गेली.

बटणं मुठीत तशीच धरून मी बोळात शिरले. आत गार होतं, काही दिसेना. मधोमध समोरून एक बाई भिंत चाचपत येत होती. चाल थेट आईची. मला पाहून ती थांबली.

"तासभर उभी आहे मी, ताई." आवाज तोच, फुरंगटलेला.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? अलीकडे."

मला हसू फुटलं आणि त्याचंच रडू झालं. "मीपण अलीकडेच होते गं," मी म्हटलं. "तेव्हाही."

माणसं आम्हाला वळसा घालून जात राहिली. मग तिने अंधारात माझी मूठ शोधली.

"म्हणजे आलो होतो आपण," ती हळूच म्हणाली. "दोघीही. वेळेवर."