माझी जागा पुलावर

मी झेंड्याचा खांब बोलतोय. डोणगावहून आत, नदीकाठच्या एका गावात, शाळेपुढच्या सिमेंटच्या ओट्यावर मी उभा आहे. अंगाला पांढरा रंग, डोक्यावर पितळी बोंड. वर्षातल्या मोजक्या सकाळी माणसं मान वर करून माझ्याकडे बघतात. एरवी मी रिकामाच असतो. इथून नदीवरचा पूल दिसतो, तो मी बघत राहतो. माझी जागा तिथं आहे.

मुळात मी साधा लोखंडी पाइप. कारखान्यातली धग मला अंधुक आठवते. पुलावर आलो तिथपासूनचं मात्र सगळं स्पष्ट आठवतं. ठेंगण्या खांबांच्या भोकांतून आम्हा पाइपांना ओवलं आणि आमचा कठडा झाला. पूल बुटका आहे, पुराचं पाणी त्याच्या वरून जातं. आम्ही जागेवर राहिलो तर वाहून आलेली झाडं आमच्यात अडकतात आणि सगळा पूलच उखडतो. म्हणून मृगाच्या आधी गावातली पोरं आम्हाला काढून पंचायतीच्या खोलीत ठेवायची आणि दसऱ्याच्या सुमाराला परत बसवायची. हे काम कुणाला सांगावं लागत नसे.

माझा तुकडा पलीकडच्या टोकाचा होता, रस्ता नदीपलीकडच्या वस्तीकडे वळतो तिथला. खाली खडक. येणारी-जाणारी माणसं माझ्यावर कोपर टेकून बोलत उभी राहायची. शाळेला जाणारी पोरं माझ्यावर हात घासत जायची. कठड्याकडे कुणी मुद्दाम बघत नाही. तो आहे एवढं त्यांना पुरतं.

एका पावसाळ्यात शाळेचा झेंड्याचा लाकडी खांब कुजून मोडला. पंधरा ऑगस्ट तोंडावर आलेला. रंगराव तेव्हा सरपंच होते, ते सगळ्यांवर चिडले.

"आता का झेंडा माह्या डोक्यावर लावता?"

"पंचायतीत पुलाचे पाइप पडेल हायेत न, काका," कुलदीप म्हणाला. "एक उभा करू. पाणी उतरलं का नेऊन बसवू."

कुलदीप हा रुख्मिणीचा एकुलता एक मुलगा. मोटारसायकलला कॅन अडकवून वस्तीवरून दूध आणायचा. त्यानंच मला खांद्यावर टाकून शाळेत आणलं, त्यानंच रंगवलं. रंग त्याच्या केसांत लागला तेव्हा रुख्मिणी हसून म्हणाली, "पाय बापा, लेक एका दिवसात म्हातारा झाला."

पहिल्यांदा झेंडा माझ्या टोकाला पोचून उलगडला, पाकळ्या खाली आल्या, तेव्हा मला अभिमान वाटला. का वाटू नये?

पण महिनाभरात रंगरावांनी माझ्या पायाशी सिमेंट ओतून घेतलं. "झेंड्याचं काम कच्चं नसते," ते म्हणाले. ओट्याला काळी फरशी लागली, फरशीवर त्यांचं नाव आलं.

दसऱ्याला पोरांनी पंचायतीची खोली उघडली, तेव्हा तिथं थोडेच पाइप उरले होते. एक तानुबाईच्या गोठ्यात आडवा झाला होता. एक वस्तीवरच्या युसूफनं काकडीच्या मांडवाला लावला होता. एक कुणाच्या तरी लग्नात गेला तो गेलाच. प्रत्येकाची काही ना काही अडचण होती. "सरकारी हाये, सरकार दुसरा देईन," असं जो तो म्हणाला. पुलाला मधे मधे खिंडारं राहिली. सगळ्यात वाईट खिंडार वळणावर, माझ्या जागी.

कुलदीपनं रंगरावांना एकदा विचारलं, "काका, तो पाइप?"

"नवा मंजूर होऊन राह्यला बे. जराक दम धर."

त्या हिवाळ्यात नदीवर दाट धुकं धरायचं. एका सकाळी कुलदीप दूध आणायला निघाला. समोरून तुरीनं भरलेली ट्रॉली आली. तिला वाट द्यायला तो कडेला सरला. कड होती, कठडा नव्हता. मी इथून फक्त ऐकलं. आधी खडकांवर आपटत गेलेले कॅन. मग काहीच नाही.

त्या वर्षी सव्वीस जानेवारीला भाषण झालं नाही. रुख्मिणी आली नाही. ती कित्येक महिने घराबाहेर दिसली नाही.

पाऊस संपला आणि पुन्हा पाइप बसवायची वेळ आली, तेव्हा ती शाळेपुढे आली. माणसं जमलेली होती. तिनं माझ्यावर हात ठेवला. रंगावर बोट फिरवलं. कुंचल्याचा एक केस तिथं अजून चिकटलेला होता.

"रंगरावभाऊ, हा मले द्या," ती म्हणाली.

"काय करता वहिनी याचं?"

"पुलावर नेते."

कुणीतरी खोकलं. रंगराव जपून बोलले. "वहिनी, तुमचं दुख मले समजते. पण झेंड्याचा खांब उपटाचा? लोक काय म्हणतीन? अपमान हाये तो."

"माह्याच पोरानं आणला व्हता तो. पाणी उतरलं का परत नेतो म्हणे. त्याचं तेवढंच राह्यलं."

"नवा येऊन राह्यला न."

"मांगच्या साली बी येऊन राह्यला व्हता."

युसूफ गर्दीच्या मागं उभा होता. त्याची लेक महनूर रोज तो पूल ओलांडून शाळेत येते. झेंडा नसतो तेव्हा हा नुसता पाइपच असतो, एवढंच त्याला म्हणायचं असावं. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. झेंड्याच्या खांबाला हात लावा, हे त्याच्या तोंडून कसं ऐकलं जाईल ते त्याला कळत होतं. शेजारच्यानं विचारलंच, "काय बे युसूफ, काई म्हणतं काय?"

"नाई. काई नाई."

पण दुसऱ्या दिवशी युसूफनं मांडव सोडला आणि आपला पाइप खांद्यावर टाकून पुलावर नेला. तानुबाईनं गोठ्यातला काढला. म्हशी एक दिवस मोकाट फिरल्या, तानुबाईनं त्यांना आणि युसूफला सारख्याच शिव्या घातल्या, पण पाइप दिला. लग्नात गेलेला कुठून तरी उगवला. आठवडाभरात कठडा भरून आला. एक मीच राहिलो. गोठ्यातला पाइप मागता येतो. मला मागायची सोय नव्हती.

माझ्या जागी युसूफनं बांबू बांधला. उसाच्या ट्रॉलीनं तो मोडला. मग दोर बांधला, तो कुणीतरी सोडून नेला.

मग धुकं धरू लागलं. आणि रुख्मिणी पुलावर जाऊन उभी राहू लागली. अगदी वळणावर, दोन ठेंगण्या खांबांच्या मधे, नदीकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून. वस्तीवरची पोरं शाळेला येतात तेव्हा, आणि परत जातात तेव्हा.

"मधून चाला रे. मधून चाला."

"मावशी, तू ट्राफिक पोलीस झाली काय?" महनूर विचारायची.

"हाव. शिट्टी नाई भेटली अजून."

पोरं हसायची. मीही ऐकायचो. पण तिच्या टाचांमागं वीतभर सिमेंट होतं आणि त्यामागं काही नव्हतं. ट्रॉली जवळून गेली की तिचा पदर नदीकडे उडायचा.

यंदाच्या सव्वीस जानेवारीला सगळं गाव ओट्यापुढं होतं. रंगरावांनी कडक इस्त्रीच्या कपड्यांत भाषण केलं. देशाचं आपल्यावर केवढं ऋण आहे, सैनिक सीमेवर कसा उभा असतो, नागरिकानं काय काय द्यायला हवं, हे त्यांनी चांगल्या शब्दांत सांगितलं. टाळ्या झाल्या. मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "रुख्मिणीवहिनी काऊन नाई आल्या?"

"ते पुलावर हाये," पहिल्या रांगेतून महनूर म्हणाली. "आमाले परत जा लागन न."

रंगराव माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांची नजर फरशीवरच्या नावाकडे गेली. ते काही बोलतील असं मला वाटलं. तेवढ्यात गुरुजींनी सावधान म्हटलं आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

सगळ्यांच्या नजरा वर होत्या. मी पुलाकडे पाहिलं. गाण्याचे सूर तिथपर्यंत पोचले असावेत. तिनं पसरलेले हात खाली घेतले, पाय जुळवले आणि ती ताठ उभी राहिली. गीत संपलं, तसे तिचे हात पुन्हा पसरले.

संध्याकाळी झेंडा उतरवून घडी करून ठेवला, आणि मी पुन्हा रिकामा झालो.

माणसांनो, झेंडा कशावरही फडकतो. सरळ वाढलेला बांबू आणा, त्याला रंग द्या, झेंड्याला त्यात काही कमी वाटणार नाही. ओटा फोडायला दोन माणसं आणि एक पहार लागेल. मला आडवं करा, पुलावर न्या आणि त्या बाईला घरी पाठवा. मी लोखंडाचा आहे. ती नाही. गेले चार दिवस तिचा खोकला मला इथपर्यंत ऐकू येत होता.

आज पुन्हा धुकं आहे. पूल दिसत नाही, मला माझं टोकसुद्धा दिसत नाही. शाळेची घंटा व्हायची आहे. पलीकडून पोरांचा गलका जवळ येतोय, त्यात महनूरचा आवाज सगळ्यांच्या पुढं आहे. कुठूनतरी ट्रॅक्टरही येतोय.

"मधून चाला" अजून ऐकू आलेलं नाही.