दुरुस्त केलेला शंख

टोक उडालेला एक जुना शंख, तो मी. मित्रांनो, "अरेरे, कुठे आपटलास?" असे विचारू नका. मी कुठेही आपटलेलो नाही. माझे टोक जाणूनबुजून उडवलेले आहे, आणि माझ्या आयुष्यातला सगळा मान आणि सगळा संताप त्या एका भोकामुळे आहे.

कॅरिबियन समुद्रातल्या आमच्या बेटावर आन्स कॉर्बी नावाचा कोळीवाडा आहे. त्याच्या समोरच्या खडकांत माझा जन्म झाला. तेव्हा माझ्या पोटात एक गोगलगाय राहत असे. गरीब स्वभावाची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एके दिवशी सिप्रियन नावाच्या कोळ्याने आम्हा दोघांना वर काढले. तिचा मिरची आणि लिंबू घालून रस्सा झाला. मी उरलो. मग सिप्रियनने हातोडीच्या एका घावात माझे टोक उडवले, कड दगडावर घासली आणि मला ओठांना लावून फुंकले. डोंगरावरच्या शेळ्यांनी चरणे थांबवून खाली पाहिले. माझा खरा जन्म तोच म्हणायचा.

मला काम मिळाले. एक लांब फुंक म्हणजे मासे आले, भांडी घेऊन या. तुटक तुटक फुंका म्हणजे हवा बिघडली, होड्यांनो, आवाजाच्या रोखाने घरी या. आमच्या किनाऱ्यापुढे प्रवाळाचा बांध आहे आणि त्यात एकच फट आहे, एक होडी जेमतेम आत येईल एवढी. तिथे पूर्वी सरकारी दिवा होता. अकरा वर्षांपूर्वी तो विझला. सरकारे तीन बदलली, दिवा काही बदलला नाही. तेव्हापासून फटीच्या अगदी समोरच्या दगडावर उभे राहून मला फुंकायचे, आणि माझ्या आवाजावर होडी आत घ्यायची, असे चालले आहे.

सिप्रियन गेला. आता मला त्याची मुलगी फिलोमेन फुंकते. सारा गाव तिला टँटी म्हणतो, तुम्ही मावशी म्हणाल तसे. वय एकाहत्तर, छाती लोहाराच्या भात्यासारखी. तिचा धाकटा भाऊ आल्बन अजून होडी घेऊन बाहेर जातो.

राजकारणात मी कसा आलो तेही सांगतो. सत्तर वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांतल्या मजुरांना सिप्रियनने मला फुंकून किनाऱ्यावर गोळा केले. त्या सभेतून श्रमिक पक्ष निघाला. तेव्हापासूनची रीत अशी, की ज्याला पक्षाचा नेता व्हायचे आहे त्याने अधिवेशनात आधी मला फुंकायचे. पहिले नेते ऊसतोडे आणि कोळी होते, ते सहज फुंकत. पुढे वकील आले. मग फुंकायची टँटी आणि ते शेजारी छातीवर हात ठेवून उभे राहायचे. छायाचित्रात फरक कळत नसे.

यंदा पक्ष निवडणूक हरला. नेत्याने प्रकृतीच्या कारणाने राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची प्रकृती एकदम सुधारली. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात छापून आले : 'संसदेतले पाच नवे चेहरे. यांच्यावर लक्ष ठेवा!' टँटी त्याच पानावर मासे साफ करत बसली होती.

"लक्ष ठेवा म्हणे," ती आल्बनला म्हणाली. "पाच-पाच जणांवर? माझ्या कोंबड्यांवर कोण ठेवणार?"

त्या पाचांतले दोघे नेतेपदाला उभे राहिले. पहिला ओरिन लासाल, वकील. तो पॉलिश केलेल्या बुटांनिशी वाळूत उतरला.

"टँटी, मी तुमच्याच मुलासारखा!"

"माझा असतास तर बूट हातात घेऊन आला असतास. बोल, काय पाहिजे?"

"आशीर्वाद. अधिवेशनातल्या तुमच्या गावच्या प्रतिनिधींची अकरा मतं. आणि अधिवेशनासाठी शंख."

"मला दिवा पाहिजे. बांधावरचा."

"पहिल्या शंभर दिवसांत!"

"कुठले शंभर, ते लिहून दे."

त्याने काही लिहून दिले नाही. हसला मात्र फार सुंदर.

दुसरी मार्व्हा ड्युकाँ. आधी दूरचित्रवाणीवर बातम्या वाचायची. आली ती कॅमेरा घेऊनच. भाजलेला विलायती फणस एक घास खाल्ला, कॅमेरा बंद झाल्यावर दुसरा खाल्ला नाही.

"दिवा ना? माझ्या जाहीरनाम्यात पहिल्या पानावर आहे, टँटी!"

"ते पान पेटवलं तर किती वेळ उजेड पडेल, बाई?" आल्बनने विचारले. त्याला खरेच जाणून घ्यायचे होते.

मला मागायला लासाल आधी आला होता, म्हणून टँटीने मला त्याच्याकडे दिले. एकच अट घातली. "शनिवारी दिवस मावळायच्या आत परत. होड्या बाहेर असतात."

मित्रांनो, माणूस वाईट असला तर एक वेळ परवडतो. कौतुक करायला निघालेला अडाणी परवडत नाही. लासालने मला शहरातल्या एका शोभेच्या वस्तूंच्या कारागिराकडे पाठवले. कारागिराने मला उलटसुलट करून पाहिले. "साहेब, याचं टोक तुटलंय."

"मग दुरुस्त करा," लासाल म्हणाला. "पक्षाचा वारसा आहे तो. अगदी नव्यासारखा दिसला पाहिजे."

माझे भोक प्लास्टरने बुजवून वर गुलाबी टोक बसवले. अंगावर चकचकीत रोगण चढवले. खाली लाकडी बैठक आणि तिच्यावर पितळी पट्टी : 'लोकांचा आवाज'. मी इतका देखणा कधी नव्हतो आणि इतका मुकाही कधी नव्हतो.

शनिवारी अधिवेशन भरले. लासालकडून पिवळे सदरे, ड्युकाँकडून हिरवे. आमच्या गावच्या अकरा जणांनी हिरव्यावर पिवळे चढवले होते. जेवणाच्या वेळी उलटे करणार होते.

लासाल व्यासपीठावर आला. या वेळी स्वतः फुंकायचे, असे त्याने ठरवले होते. महिनाभर आरशासमोर गाल फुगवून सराव केला होता म्हणे. त्याने फुंकले. पुन्हा फुंकले. कान लाल झाले, चष्मा घसरला. आवाज नाही. सभागृहात कुणीतरी खोकले.

"इकडे द्या, दम लागतो त्याला," ड्युकाँ म्हणाली आणि तिनेही फुंकले. तिच्या तोंडाला गुलाबी रंग लागला, एवढेच.

आठव्या रांगेतून टँटी उठली. "काय केलंस रे त्याला?"

"दुरुस्त केला, टँटी! टोक तुटलेलं होतं!"

सभागृहात निम्मे लोक समुद्राकाठचे. असे हसू तिथे कधी ऐकू आले नसेल. पण टँटी हसली नाही, कारण तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. शेजारीण गावातून ओरडत होती, ती मलासुद्धा ऐकू आली. "टँटी, पश्चिमेकडून काळंकुट्ट आलंय गं! चार होड्या बाहेर आहेत. आल्बन पण!"

टँटी व्यासपीठावर चढली. "शंख दे आणि आम्हाला आणलेली बस दे."

"टँटी, अर्ध्या तासात मतदान आहे," लासाल हळू आवाजात म्हणाला. "तुमची अकरा मतं... मत टाकून निघा ना."

"बरोबर बोलताहेत ते," ड्युकाँ म्हणाली. सबंध निवडणुकीत त्या दोघांचे एकमत झाले ते एवढ्या एका गोष्टीवर.

टँटीने दोघांकडे पाहिले. मग मला भाषणाच्या मेजाच्या कडेवर हाणले. एक, दोन. गुलाबी टोक उडून पहिल्या रांगेत पडले, आणि माझ्याही कडेचा एक टवका गेला. ती मला बैठकीसकट काखोटीला मारून निघाली. मागून आमचे दहा पिवळे सदरे.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पावसाने समुद्र दिसेनासा झाला होता. टँटी फटीसमोरच्या त्या दगडावर चढली आणि तिने मला फुंकले. माझ्या पोटात प्लास्टरचा चुरा अडकला होता. मी बकरीसारखा केकाटलो. तिने मला लाटेत विसळले, बोटाने चुरा काढला, पुन्हा फुंकले. तुटक, तुटक. ओठ फुटून रक्त आले तरी फुंकत राहिली.

पहिली होडी आली. दुसरी. तिसरी. आल्बनची आली नाही. बऱ्याच वेळाने आल्बन आला, पोहत. त्याची होडी फटीच्या डाव्या अंगाला आपटून फुटली होती.

"आज याचा आवाज ओळखू येईना गं," धापा टाकत तो म्हणाला. "दुसऱ्याच कुठल्या किनाऱ्यावरचा वाटला. म्हणून फट चुकलो."

"दुरुस्त केला होता," टँटी म्हणाली आणि तिथेच वाळूत बसली.

लासाल नऊ मतांनी हरला. ड्युकाँ नेता झाली. दोघांवर लक्ष ठेवा, असे वर्तमानपत्राने पुन्हा छापले. आल्बनकडे आता होडी नाही, तो दुसऱ्यांची जाळी विणतो. आणि गेल्या आठवड्यात ड्युकाँबाईंचे पत्र आले : असा ऐतिहासिक शंख वाऱ्यापावसात ठेवणे बरे नव्हे, पक्षाच्या कचेरीत तो काचेच्या पेटीत ठेवू. पेटीत रात्रंदिवस दिवाही लावू.

टँटीने ते पत्र दोनदा वाचले. मग माझी लाकडी बैठक आणि पितळी पट्टी बांधून पाठवून दिली. सोबत एक चिठ्ठी : 'पेटी राहू द्या. दिवा पाठवा.'

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. जुन्या वस्तूची काळजी जरूर घ्या, पण ती कशासाठी आहे हे आधी विचारा. माझे टोक मोडलेले नाही, ते बसवू नका. मोडलेला तो दिवा आहे.